चौथी खेप

गवतबाईंनी दोन बोटांनी माती सारली, कांद्याचं टोक चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं. कांदा वर आला नाही. वर आली ती नुसती साल, आणि आतला पिवळट गर बोटांवर पसरला. त्यांनी बोटं नाकाशी नेली, झटकन दूर केली आणि रुमालाला पुसली.

शेजारचा चौकोन उकरला. तिथेही तेच. त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा. अकराव्या चौकोनातला कांदा बोटाला टणक लागला, तेव्हा त्यांनी श्वास रोखून त्याच्यावर पुन्हा माती ओढली, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी. मग उठल्या, गुडघे झाडले आणि कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक ओळ चालत गेल्या. बारा ओळी, ओळीला चौतीस चौकोन. प्रत्येक चौकोनाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर त्यांच्याच हातचा आकडा. चारशे आठ बिल्ल्यांपैकी सांजकांदीचं पान दिसलं ते एकोणीस ठिकाणी.

टेकडीच्या सपाट माथ्यावरून रस्ता जायचा होता. बाईंना रस्ता नको होता असं मुळीच नाही. पलीकडच्या वस्त्यांतून एखादी बाळंतीण खाली आणायची तर दोन तास लागत, आणि ते दोन तास कसे जातात हे त्यांनी एकदा स्वतः जीपच्या मागच्या बाकावर बसून पाहिलं होतं. पण त्याच माथ्यावर सांजकांदी उगवत होती. वीतभर उंचीचं रोप, वर्षाचे दहा महिने जमिनीखाली नुसता कांदा. पावसात पान फुटायचं, मग ऊन कललं की उमलणारं एक सहा पाकळ्यांचं पांढरं फूल. नाव गुराख्यांनी ठेवलेलं. ही टेकडी आणि आणखी दोन, एवढाच तिचा संसार. म्हणून रस्त्याला परवानगी मिळाली ती अटीवर. अर्ध्या माथ्यावरची रोपं हलवून सुरक्षित जागी लावायची, तिथे रस्ता करायचा, आणि तिसऱ्या हंगामात निम्मी तरी रोपं जिवंत असल्याचं समितीला दाखवायचं. ती दिसली तरच उरलेल्या अर्ध्या माथ्याला हात लावायचा. तो तिसरा हंगाम आता चालू होता, आणि समिती येत्या गुरुवारी यायची होती.

बाईंच्या खोलीवरच्या पाटीवर ‘पर्यावरण निरीक्षक’ असं लिहिलेलं होतं. पण कामावर येऊन आठवडा झाला नाही तोच त्यांनी एक डंपर अडवला होता, चालकाला खाली उतरवलं होतं आणि चाकाखाली काय आलंय ते वाकून बघायला लावलं होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि मग अगदी मनापासून म्हणाला, बाई, हे गवत आहे. तेव्हापासून त्या गवतबाई. पाठीमागे म्हणतात हे त्यांना कळायला महिना लागला, आणि आपणच स्वतःला मनातल्या मनात तशी हाक मारतो हे कळायला आणखी एक.

कांदे का सडले हे विचारायला कोणाकडे जायची गरज नव्हती. वास आला तेव्हाच त्या समजल्या. जागा निवडली होती कोरड्या दिवसांत. सपाट होती, जवळ होती, कुंपण घालायला सोपी होती. मग वरच्या अंगाला रस्त्याचा भराव उभा राहिला आणि उतारावरून वाहून जाणारं पाणी या तुकड्यात तुंबू लागलं. पहिल्या वर्षी निभावलं. दुसऱ्या वर्षी पानं उशिरा आली, त्याला त्यांनी पावसाचं कारण दिलं. यंदा कारण द्यायलाही काही उरलं नव्हतं.

आणि हे त्यांना एकाने आधी सांगितलं होतं. मुकादमाने. चहाचा ग्लास हातात धरून तो याच जागी उभा होता आणि म्हणाला होता, बाई, ही जागा पाणी धरते. मातीची तपासणी झाली आहे, असं उत्तर देऊन त्या पुढच्या ओळीकडे वळल्या होत्या.

रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांची खोली म्हणजे एक लोखंडी कंटेनर. आत टेबल, टेबलावर काचेखाली नकाशा, खिळ्याला हेल्मेटं, कोपऱ्यात पाण्याची बाटली पालथी घातलेला नळ. साहेब वयाने बाईंच्या भाच्याएवढे. एकोणीस हा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला आणि मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून कुंपणातला तुकडा दिसत होता.

“मॅडम, हिरवं तर भरपूर दिसतंय.”

“ती पाणकांदी आहे. पानं सारखीच असतात. पाणी साचलं की आपोआप येते.”

“फुलावर आली नाही तर फरक कळतो?”

“मला कळतो.”

“समितीतल्यांना?”

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा तिथेच ठेवली. काही वेळाने स्वतःच म्हणाले की आपण तसं विचारायला नको होतं. काम थांबलं तर यंत्रं दुसरीकडे जातील, ती परत यायला वर्ष जाईल, आणि त्या वर्षात पलीकडच्या लोकांना काय तोंड दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांच्याही डोक्यात तेच होतं. अहवाल शनिवारी देते, एवढं सांगून त्या निघाल्या.

अहवाल लिहायला बसल्या तेव्हा जुनी फाइल काढावी लागली, आणि फाइलमध्ये तो कागद निघाला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौकोन कापून हलवायचं काम संपत आलं होतं, उताराचा शेवटचा एक पट्टा तेवढा राहिला होता. तेवढ्यात यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं आणि बाई दोन दिवस रजेवर गेल्या. परत येऊन बघतात तर पट्टा साफ. मुकादमाने लोडर लावून सगळी माती खरडून काढली होती आणि ट्रॉलीत भरून कुठेतरी टाकून दिली होती. दोनशे तीस रोपं होती त्या पट्ट्यात. बाईंनी त्याच दुपारी तक्रार लिहिली. आठव्या दिवशी मुकादमाला साइटवरून काढलं. तो भांडला नाही, भेटायलाही आला नाही.

तक्रारीची भाषा तेव्हा त्यांना फार नेमकी वाटली होती. यजमानांना वाचूनही दाखवली होती. आता त्यातला एक शब्द डोळ्यांत खुपला. ‘बेजबाबदार व अडाणी वर्तन.’ बेजबाबदार ठीक होतं. अडाणी कशाला लिहिलं, हे त्यांना आठवेना.

यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी घरातला कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. अहवाल हातात घेऊन ते खुर्चीत बसले आणि पेन्सिलीचं टोक एका शब्दावर टेकवलं.

“‘कुजले’ लिहिलंयस. ‘रुजले नाहीत’ असंही म्हणता येतं.”

“येतं.”

“मग?”

“कुजले.”

त्यांनी मान हलवली, पुढच्या ओळीतला एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि कागद परत दिला.

शनिवारी अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी वाचला, सही केली, आणि गुरुवारपर्यंत तो आपल्या खणात राहील असं म्हणाले. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी पाणी नेमकं कुठून वळलं त्याचे फोटो जोडावेत असं बाईंच्या मनाने घेतलं, आणि रविवारी दुपार टळल्यावर त्या टेकडीवर निघाल्या. यजमानही सोबत आले. चालणं होईल म्हणाले. खरं म्हणजे गेले चार दिवस बायको जेवताना ताटातलं नुसतं चिवडत होती, तिला एकटीला सोडायचं त्यांच्या मनात नव्हतं.

बाई भरावाचे फोटो काढत राहिल्या. यजमान थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. वय झालं की माणसाला प्रत्येक ठिकाणी आधी आडोसा शोधावा लागतो. मागच्या बाजूला जुनी मुरमाची खाण होती, तिच्या कडेला मातीचा उंचवटा होता. ते त्याच्यामागे दिसेनासे झाले आणि बराच वेळ आले नाहीत. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचाच आवाज आला.

“अगं, तुझ्या त्या फुलाला पाकळ्या किती?”

“सहा. का?”

“मग ये इकडं.” ते थोडे थांबले. “आणि जरा डाव्या अंगानं ये. उजवीकडं पाय देऊ नकोस.”

बाई डाव्या अंगाने गेल्या.

खाणीच्या कडेवरून खाली मुरमाचा उतार होता, मावळतीकडे तोंड केलेला. कोणीतरी कधीतरी त्याच्यावर माती ओतली होती. ती नीट पसरलेलीही नव्हती, जशी ट्रॉलीतून घसरली तशी पडली होती. कुठे ढीग, कुठे पातळ थर. आणि त्या सगळ्या ओबडधोबड मातीवर, वरपासून खालपर्यंत, सांजकांदी फुलली होती. ऊन नुकतंच कललं होतं. काही फुलं पुरती उघडली होती, काहींच्या पाकळ्या अजून सुटत होत्या.

सवयीने बाई मोजू लागल्या. चाळीसपर्यंत गेल्या आणि आकडा हातातून सुटला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर या वेळी तीसच्या पुढेही जाता येईना, कारण समोरचं सगळं पांढरं एकमेकांत मिसळायला लागलं होतं. त्या तिथेच एका दगडावर बसल्या. यजमान पाठ फिरवून खाणीतल्या साचलेल्या पाण्याकडे बघत उभे राहिले, जणू त्या पाण्यात बघण्यासारखं पुष्कळ काही होतं.

घरी जाताना बाईंनी वाटेत भूक लागल्याचं सांगितलं. यजमानांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी साहेब स्वतः दोरी घेऊन उतारावर उतरले. दोरीने पट्टे पाडून दोघांनी मोजलं. तीनशे एकसष्ट. माती त्या खरडलेल्या पट्ट्यातलीच, पण त्या पट्ट्यात मुळात एवढी रोपं नव्हतीच. म्हणजे मातीत बारक्या कांद्या निजून होत्या, त्या कधी कोणी मोजल्याच नव्हत्या. चौकोन कापण्याआधी बाईंनी पावसात वर दिसलेली रोपं तेवढी मोजली होती. सगळ्या अर्ध्या माथ्याची मूळ मोजणी होती सहाशे अडतीस. कुंपणातली एकोणीस धरून निम्म्याच्या वर आकडा जात होता. साहेबांनी हिशेब तीनदा केला, मग हेल्मेट काढलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

“म्हणजे स्थलांतर यशस्वी झालं, मॅडम.”

“एक फसलं, एक यशस्वी झालं. जे यशस्वी झालं ते माझं नाही.”

अहवाल बदलला नाही. ‘कुजले’ जागच्या जागी राहिलं, खाली एक पान जोडलं गेलं. गुरुवारी समिती आली. तीन जण होते. त्यांतले सर्वांत वयस्क होते ते काठी बाजूला ठेवून उतारावर गुडघ्यांवर बसले, एका फुलाला नाक लावून बघितलं आणि वर न बघताच विचारलं की हे तुम्ही कसं साधलंत. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सांगितलं की हे मी केलेलं नाही, ज्याने केलं त्याला विचारून लिहून पाठवते. म्हातारेबुवांनी यावर एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि मग बाकीच्या दोघांना हाताने जवळ बोलावलं. संध्याकाळपर्यंत निर्णय झाला. काम सुरू ठेवावं, उताराला कुंपण घालावं, भरावाखालून पाण्याला वाट काढावी, आणि उरलेल्या माथ्यावरची रोपं कशी हलवणार ती पद्धत पंधरा दिवसांत लेखी द्यावी.

मुकादम आता शहरात होता, एका दवाखान्याच्या वाढीव इमारतीवर. बाई पोचल्या तेव्हा तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडत होता. मिक्सरची घरघर चालली होती, माणसं रांगेने उभी राहून घमेली वर चढवत होती. मुकादमाने वरूनच त्यांना पाहिलं, ओळखलं, आणि हाताने बसा अशी खूण केली. बसायला एक पालथी बादली होती. तिच्यावर त्या दीड तास बसल्या. स्लॅब मध्येच सोडता येत नाही हे त्यांना माहीत होतं. पण शेवटचा अर्धा तास त्याने पाणी पिण्यात आणि कोणाशी तरी हसत बोलण्यात घालवला, तेही त्यांनी पाहिलं, आणि ते त्यांना बरोबरच वाटलं.

खाली आल्यावर त्याने स्वतः एक हेल्मेट आणून त्यांच्या हातात दिलं. इथे त्याशिवाय बसू देत नाहीत, असं म्हणाला. दीड तास कोणी का हटकलं नाही, असं बाईंनी विचारलं नाही. डोक्यावर हेल्मेट घातलं आणि सगळं सांगितलं. कुंपणातलं, उतारावरचं, समितीचं. तो ऐकताना हातावरचं सिमेंट नखाने खरवडत होता.

“ती जागा पाणी धरते असं मी म्हणालो होतो.”

“म्हणाला होतात. मी ऐकलं नाही.”

“आणि अडाणी लिहिलं होतंत.”

“लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं. तो कागद मी परत मागून घेते.”

मुकादमाने जरा विचार केला.

“परत कशाला घेता? न विचारता खरडलं, ते खरंच आहे. खरं सांगू का, बाई, लोडर दुपारी दुसऱ्या साइटवर जायचा होता. तुम्ही नव्हता. दोन दिवस थांबलो असतो तर लोडर हातचा गेला असता. तुमच्या कांद्यांचं काय होईल याचा मी विचारसुद्धा केला नाही.”

“मग खाणीच्या कडेलाच का टाकलंत?”

“जवळ पडत होतं. वळसा वाचत होता.”

बाईंना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि मुकादमाच्याही तोंडावर काहीतरी हललं. साइट सुटल्यावर चार महिने आपण घरी बसून होतो, हे त्याने मग असंच बोलता बोलता सांगितलं. तक्रार म्हणून नाही, पण कळावं म्हणून. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते कशानेही भरून येणार नव्हतं, आणि तसं काही बोलायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“कागद राहू द्या,” तो म्हणाला. “फक्त त्याच्याखाली हे दुसरंही लिहा.”

वही उघडून त्या एकेक विचारू लागल्या. माती किती खोल खरडली, ओली होती की कोरडी, किती दिवस पडून होती. त्याने सगळं आठवून सांगितलं. माती कोरडी होती, हातभरापेक्षा कमी खोल खरडली, ट्रॉलीत भरल्या भरल्या जाऊन ओतली. चार खेपा झाल्या.

“चार? उतारावर तर तीनच ढीग दिसतात.”

मुकादमाने खिशातून फोन काढला आणि ट्रॅक्टरवाल्याला लावला. पलीकडून आधी ‘कुठली माती’ असं आलं. मग ‘मला काही आठवत नाही’ असं. मुकादमाने त्याला समजावलं की रागवायला फोन केलेला नाही, माती कोणी परत मागत नाही, नुसतं सांग. शेवटी कबुली आली. त्याच्या घरापुढचं अंगण खोलगट होतं, पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं. एक खेप त्याने तिकडे वळवली होती.

पाच वाजता मुकादमाची सुटी झाली. ट्रॅक्टरवाल्याचं घर गावाच्या कडेला होतं, बस तिकडे जात नव्हती. चौपन्नाव्या वर्षी गवतबाई हेल्मेट घालून मुकादमाच्या मोटरसायकलवर मागे बसल्या, आणि खड्डा आला की डोळे मिटून घेत तिथपर्यंत गेल्या.

ट्रॅक्टरवाला कामावर होता. त्याची बायको दोरीवरचे कपडे काढत होती. अनोळखी बाई आणि मुकादम दोघांना एकदम बघून तिने कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला.

“माती न्यायला आलात का?” तिने विचारलं. “नवऱ्याचा फोन आला होता.”

मुकादमाने तिला सांगितलं की नाही, नुसतं बघायला आलोय. बाईंचं त्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. अंगण मधोमध चोपून टणक झालेलं होतं, तिथे गवताची काडीही नव्हती. पण भिंतीच्या कडेने, दोन सरळ ओळींत, वितीवितीच्या अंतरावर सांजकांदी उभी होती. साठ तरी असतील. एकूण एक फुललेली.

“या इथं आपोआप आल्या?”

“नाही हो. मध्ये उगवल्या होत्या. पोरं तुडवायची. फूल बरं दिसलं, म्हणून काढून कडेला लावल्या.”

“तुम्ही लावल्या?”

“मग काय.” आपण काही चुकीचं केलं की काय, अशा नजरेने तिने मुकादमाकडे पाहिलं. “पहिल्या वर्षी हिरवं पान असताना दोन काढल्या, त्या मेल्या. मग थांबले. पान पिवळं पडून वाळलं की काढायच्या. खाली बारीक खडी घालायची, नाहीतर पाणी राहून सडतात.”

“किती खोल लावल्यात?”

तिने गठ्ठा पायरीवर ठेवला आणि करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं दाखवली. बाईंनी आपलं बोट तिच्या बोटाशेजारी धरून बघितलं.

“आणि मेल्या किती?”

“सांगितलं ना. दोन.”

बाई पायरीवर बसल्या आणि वही मांडीवर घेतली. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोने आतून पाणी आणलं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की मी आपलं असंच केलं, याच्यात लिहिण्यासारखं काय आहे. तरी विचारलं की सांगत होती. खडी कुठून आणली, दोघींत अंतर किती ठेवलं, पहिलं पाणी कधी घातलं. मध्येच तिने बाईंच्या हातून निसटलेलं पेनाचं टोपण उचलून दिलं आणि ती शेजारी पायरीवर टेकली.

पान भरल्यावर बाईंनी तिला सांगितलं की वर टेकडीवर अशाच सहाशेच्या आसपास अजून आहेत. त्या हलवायच्या आहेत, मग तिथून रस्ता जायचा आहे. तिने येऊन माणसांना दाखवावं, त्यांच्या हातून करून घ्यावं. रोजचं मानधन, जेवण, जायला-यायला गाडी, जे बाकीच्या तज्ज्ञांना असतं ते सगळं मिळेल. हे त्या ठरवून बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर मात्र त्यांना वाटलं की पंधरा दिवस शोधूनही दुसरं काही सुचलं नसतं.

ती थट्टा चालली आहे का हे बघत होती. मुकादम पाण्याचा तांब्या हातात धरून भिंतीकडे बघत उभा होता.

“विचारतायत तोवर हो म्हण,” तो म्हणाला. “न विचारता केलं की त्या कागद लिहितात.”

ती हसली नाही. उठून ओळीपाशी गेली, वाकून एका रोपाचं पान दोन बोटांत धरलं, त्याचा देठ तपासला, पलीकडच्या रोपाचाही तपासला.

“अजून हिरवीगार आहेत,” ती म्हणाली. “पिवळी पडायला सव्वा महिना तरी जाईल. त्याच्या आधी एकीलाही हात लावायचा नाही. तोवर तुमचा रस्ता थांबेल का?”

साहेबांच्या काचेखालच्या नकाशावर उरलेल्या माथ्याचं काम सुरू करायची म्हणून येत्या सोमवारची तारीख लाल पेन्सिलीने घातलेली होती. बाईंना ती माहीत होती.

“थांबेल,” त्या म्हणाल्या, आणि वहीचं पुढचं पान उघडलं.